टीव्हीवाले वकील

टीव्हीवर मी एकही खटला हरलो नाही. नव्वदच्या दशकात आठवड्यातून एकदा लागणाऱ्या एका मराठी मालिकेत मी गोरगरिबांच्या वकिलाचं काम करायचो. अंगातला काळा कोट कंपनीचा, माझ्या मापाचा नसल्यामुळे मागून पिना लावून आवळलेला. वाक्यं लेखकाची आणि कायदा कुणाचाच नाही. तरी लोकांना मी आवडायचो. पुढे मालिका बंद पडली आणि कामं येईनाशी झाली. आलंच तर पुन्हा वकिलाचं, तेही एका प्रसंगापुरतं. शेवटी कंटाळून नाशिकला घरी आलो आणि पस्तिशी उलटल्यावर लॉ कॉलेजच्या बाकावर जाऊन बसलो. इतकी वर्षं खोटा वकील होतो, आता खरा होऊन बघू, एवढाच विचार होता. वडील म्हणाले, "आधी लग्न, मग मुंज, असं चाललंय तुझं."

सनद मिळाली, सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात एक टेबल मिळालं, पण कामं काही मिळेनात. लोक यायचे ते मला बघायला. चहा पाजायचे, बायकोला दाखवायला म्हणून फोटो काढायचे आणि केस शेजारच्या टेबलावर द्यायचे. बाररूममध्ये तर माझी रोज हजामत व्हायची. "काय साहेब, आज रिटेक मिळाला का?" मीही हसायचो. न हसून सांगतो कुणाला?

मला खरा वकील मानून आली ती एकच बाई. मखमलाबादच्या बाजूला राहणारी, पन्नाशीची, विधवा. घरामागच्या जमिनीत ती गुलाब, शेवंती, झेंडू लावायची आणि सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, नेऊन विकायची. तिच्या नवऱ्याने हयात असताना थोरल्या भावाच्या नावे घर-जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. आपल्याकडे बहिणी भावाला करून देतात, तसं. भाऊ म्हणाला सही कर, याने केली. नवरा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी दिराने तो कागद बाहेर काढला आणि घरही रिकामं कर म्हणाला. कोर्टात दाद मागायची मुदत तोवर केव्हाच उलटून गेली होती. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, केस फार कच्ची आहे."

"तुमी हाय ना," ती म्हणाली. माझा प्रत्येक भाग तिने शेजारच्या घरी बसून पाहिला होता.

मी जीव तोडून काम केलं, पण कागद बोलतो तिथे वकिलाचं तोंड चालत नाही. मग अचानक देव पावला. भावकीतले लोक नावं ठेवायला लागले तसा दीर नरमला. राहतं घर आणि विहिरीलगतचा फुलांचा तुकडा वहिनीच्या नावावर करून देतो, बाकीची जमीन माझी, असं त्याने कळवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खी होडी आली होती. तिचं छप्पर वाचणार होतं, फुलं वाचणार होती. मी तिला तीनतीनदा समजावून सांगितलं. लोकअदालतीत विचारतील, तेव्हा हो म्हणायचं. ती मान डोलवत राहिली.

लोकअदालतीच्या दिवशी भावकीतली चार माणसं मागे उभी होती. दीर खाली मान घालून हात जोडून उभा. न्यायाधीशांनी विचारलं, तडजोड मान्य आहे का? बाईने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाय. मला माझा पुरा वाटा पायजे." आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाबासकी देणार होतो.

व्हरांड्यात आल्यावर मी अक्षरशः ओरडलो, "मावशी, हे काय केलंत?"

तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "बराबर झालं ना, साहेब? त्या भागात बी तुमी त्या म्हातारीला सगळ्यांदेखत तडजोड कर म्हनले व्हते. ती नाय म्हनली, अन् तुमी हरला समजून तो सावकार गाफील ऱ्हायला. मंग फुडल्या तारखेला कसा पकडला तुमी त्याला!"

मला तो भाग आठवतही नव्हता. लेखकाने एका दुपारी सेटवर बसून खरडलेला तो डाव असणार. मी म्हणालो, तो खोटा खेळ होता, हे कोर्ट आहे, माझ्याकडे कसलाही डाव नाही. ती नुसती "कळलं, कळलं" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिची आणि दिराची भिंत एकच. मी हात जोडले, शपथा घातल्या, माझा आवाज चढत गेला. तिने भिंतीकडे बोट दाखवलं आणि कौतुकाने हसली. मी भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकवायला बोलतोय, असं तिला वाटत होतं. जितकं कळवळून सांगावं तितका मी तिला कसलेला नट वाटत होतो. शेवटी मी दिराच्या दारात गेलो. तो म्हणाला, "साहेब, मी चारचौघांत हात जोडले. तिनं नाय म्हनलं. आता माझ्या दारात हा विषय नको." तोही त्याच्या जागी चुकला नव्हता.

दावा फेटाळला गेला. घर गेलं, तुकडा गेला. अपिलात जायलाही काही उरलं नव्हतं. त्यानंतर मी कोर्टात उभा राहणं सोडलं आणि लोकांचे करारनामे, प्रतिज्ञापत्रं करत बसलो. त्यात कुणी माझ्यावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही. वकील झालो याची इतकी लाज मला बाररूमच्या चेष्टेनेही कधी वाटली नव्हती.

काही वर्षांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती मला गंगेवर दिसली. समोर झेंडूचा ढीग, पण दुसऱ्याच्या मळ्यातून विकत आणलेला. पंचवटीत कुणाच्या तरी पत्र्याच्या खोलीत राहते म्हणाली. खूप वाळली होती. मी पुढे सरकणार, तोच तिने मला जवळ बोलावलं, आजूबाजूच्या फूलवाल्या बायकांवर नजर टाकली आणि कुजबुजली, "साहेब, मी कुनाला काय बी बोलले नाय. दिराला वाटतंय, समदं संपलं. तुमी सांगाल तवा येते कोर्टात."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. जमेल तितक्या सपाट आवाजात सांगितलं, "मावशी, खरंच संपलं. केस संपली. घर आता परत मिळणार नाही."

ती हळूच हसली. माझ्या पिशवीत ओंजळभर झेंडू टाकत म्हणाली, "अस्सं. बाया ऐकत्यात, असंच बोला."