तिच्या वहीतली पेन्सिल

आमच्याकडच्या गावकीच्या नाटकात पाठांतर करून उभे राहणारे नट मी चाळीस वर्षांत पाच-सहाच पाहिले. बाकीचे सगळे कानाने नाटक करतात. विंगेत प्रॉम्प्टर बसलेला असतो. तो हळू आवाजात वाक्य सांगतो, आणि स्टेजवरचा वाघ तेच वाक्य मोठ्याने सोडतो. खेळ झाल्यावर हाच वाघ चार माणसांना विचारत फिरतो, कसं झालं माझं काम? अरे, तुझं कसलं काम? काम विंगेतल्या माणसाचं.

तो विंगेतला माणूस म्हणजे माझी बायको.

मी पेणचा. रंगवलेले पडदे भाड्याने द्यायचा माझा धंदा. जंगल, राजवाडा, चाळ, देऊळ आणि पुढचा मखमली पडदा. पडदा ओढायचाही मीच, कारण गाववाल्यांच्या हातात दोरी दिली की नायिका मरायच्या आधीच पडदा खाली. बायको माझ्याबरोबर यायची ती नट्यांना साड्या नेसवायला. पनवेलहून नट्या यायच्या त्या खेळाच्या दिवशीच. एकदा रोह्याकडच्या एका गावात प्रॉम्प्टर दुपारीच पिऊन आडवा झाला. मंडळाची माणसं डोक्याला हात लावून बसली. ही तोंडातली टाचणी काढून म्हणाली, "द्या इकडं ती वही." ती सातवी शिकलेली, मी चौथी नापास. त्या दिवशी विंगेत पाट टाकून बसली ती तीस वर्षं बसली.

तिचा आवाज असा की नटाच्या कानात जायचा, पण पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. समोरच्या विंगेत मी दोरी धरून उभा. कोणी माती खाल्ली की मी तिथून हातवारे करून शिव्या द्यायचो, आणि ती डोळ्यांनी मला गप्प करायची. गावोगाव सगळे म्हणायचे, काकी म्हणजे देवमाणूस, काकांचं तोंड तेवढं वाईट. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि दोन महिन्यांत संपली. तिच्या बहिणी आल्या, साड्या घेऊन गेल्या. बऱ्याचशा वह्या पूर्वी एकदा पुराच्या पाण्यात गेल्या होत्या. तिच्या अक्षरातली एकच वही घरात राहिली. दोन भावांचं आणि त्यांच्या आईचं एक नाटक आहे, त्याचं पुस्तक मिळेना म्हणून तिने सगळंच्या सगळं हाताने उतरवून काढलेलं. ही वही गेली की तिच्या हातचं माझ्याजवळ काही उरत नाही. एवढं मला समजत होतं. उघडली मात्र मी कधी नाही. एक तर मी अक्षर जोडून जोडून वाचणारा, आणि दुसरं म्हणजे धीर झाला नाही.

या वर्षी निडीच्या बाजूच्या एका गावाने तेच नाटक धरलं. मंडळाचे दोघं पेणला घरी आले. एक अध्यक्ष. जमिनीची दलाली करतो, गळ्यात कुत्र्याच्या साखळीएवढी सोन्याची चेन. दुसरा विमा एजंट, चाळिशीचा, न विचारता बोलणारा.

"काका, पडदा पायजे आणि वही पायजे."

"पडदा न्या. वही नाय मिळणार."

"काका, दुसरीकडं कुठंच नाय हे नाटक," एजंट म्हणाला. "नेटवर पण नाय."

"मग नेटवर जे हाय ते करा."

अध्यक्ष मोबाईल खाली ठेवून म्हणाला, "काकींच्या दहाव्याला आम्ही सात जण आलो होतो."

हे बोलायची गरज होती का? पण आले होते हे खरं, आणि पेणमधली माझी सख्खी माणसं आली नव्हती. मी म्हटलं, वही देतो, पण ती माझ्या नजरेआड जायची नाही. मी बरोबर येणार. खेळ झाला की वही घेऊन मी घरी.

मग रोह्याला जाणं आलं. दिग्दर्शक रोह्याचे निवृत्त मास्तर. हल्ली दिग्दर्शक म्हणजे खुर्चीत बसून "भावना आणा, भावना" म्हणणारा माणूस. भावना काय बाजारात मिळते? मास्तर म्हणाले, "वही ठेवून जा, मी जरा अभ्यास करतो." मी म्हटलं, "अभ्यास माझ्यासमोर करा." चार रविवार मी त्यांच्या ओटीवर वही मांडीवर घेऊन बसलो. नटांच्या तालमी वहीवरून लावून घेतल्या मास्तरांनीच. प्रॉम्प्टिंग एजंट करणार होता, तो एकाही रविवारी आला नाही. म्हणे, "वाचायचंच तर हाय, त्यात तालीम कसली?"

खेळ संध्याकाळी पाचचा. दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून आता नाटकं उजेडातच सुरू होतात. पण साडेसहापर्यंत नुसते सत्कार चालले. नारळ, शाल, नारळ, शाल. स्टेजवर ज्यांनी काडी हलवली नाही त्यांना शाली, आणि सकाळपासून बांबू बांधणारे मागे घाम पुसत उभे. माजी सरपंच पहिल्या रांगेत सोफ्यावर शाल पांघरूनच बसले.

मोठ्या भावाचं काम अध्यक्षाचं. नाटकात हा भाऊ गिरणीतून कमी केलेला, आईच्या औषधाला महाग झालेला. मी म्हटलं, "चेन काढ."

"राहू दे काका, फोटो काढणारेत."

"औषधाला पैसे नसलेला माणूस अर्धा किलो सोनं घालून रडणार?"

"लोकांना समजतं काका, नाटक हाय ते."

एजंट माझ्या समोरच्या विंगेत खुर्ची टाकून बसला. पाटावर बसायला याचे गुडघे दुखतात. एका हातात वही, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी. पनवेलची नटी आईच्या कामाला. पन्नाशीची बाई, मुरलेली. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "आज ताई नाहीत?" मी मान हलवली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती पदर डोळ्याला लावणार तेवढ्यात घंटा झाली आणि मी दोरी ओढली.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग अध्यक्षाचं मोठं भाषण आलं. मुलगा आईला शब्द देतो ती जागा. याला त्यातलं पहिलं वाक्य येत होतं. ते बोलून झालं आणि गडी विंगेकडे कान लावून मिशी चोळायला लागला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वहीत नाटक शाईने लिहिलेलं आणि मधेमधे, त्याच ओळींच्या पोटात, पेन्सिलीने काही लिहिलेलं. मास्तर तालमीत ते ओलांडून वाचायचे, आणि मी समजायचो, तिच्या काही खुणा असतील. एजंटाने कधी वही चाळली असती तर त्याला फरक कळला असता. मोबाईलच्या उजेडात त्याला शाई आणि पेन्सिल सारखीच. समोर दिसेल ते तो वाचत गेला, आणि कानावर पडेल ते अध्यक्ष बोलत गेला.

"आई," अध्यक्ष छाती पुढे काढून म्हणाला, "इथं हा अडकणार!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"उगाच मिशी चोळत बसेल! दोनदा सांगावं!"

आणि हात मिशीवरच. एवढं हसू फुटलं की मंडपाच्या बांबूवरचे कावळे उडाले. नटी मात्र बहाद्दर. क्षणभरही न थांबता म्हणाली, "व्हय रे बाबा, तुला लहानपणापासून दोनदाच सांगावं लागतं." पुन्हा हशा. याला वाटलं, आपलं काम रंगलंय. आणखी जोरात बोलायला लागला.

"बाई दमल्यात, खुर्ची पुढं सरकवायला लावावी!"

खुर्ची त्याने स्वतःच सरकवली. नटी बसली, "देव भलं करो" म्हणाली.

"सरपंच पुढं बसून घोरतो! आवाज चढवावा!"

हे मात्र गावाला भारी पडलं. सगळ्यांच्या माना सोफ्याकडे वळल्या. माजी सरपंच खरंच घोरत होते. हशाने जागे झाले आणि आपल्याला कोणी बोलावलंय असं समजून हात जोडून उभे राहिले.

पडदा पाडायला हवा होता. दोरी माझ्याच हातात होती. मास्तर माझ्या मागे येऊन "पाडा, पाडा" करत होते. मी पाडला नाही. मी ऐकत होतो. तीस वर्षं मला डोळ्यांनी गप्प करणारी बाई वहीत हे लिहीत बसली होती. माझं तोंड वाईट म्हणे! माझ्या शिव्या हवेत गेल्या, हिने गावोगावच्या खेळांतल्या लिहून ठेवल्या. अंक संपेपर्यंत मी दोरीला हात लावला नाही.

मध्यंतरात स्टेजमागे तमाशा झाला. अध्यक्ष एजंटाच्या अंगावर, एजंट म्हणतो "लिहिलंय ते वाचलं, माझी काय चूक?" मास्तरांनी वही हिसकावून घेतली आणि कुठूनसा काळा मार्कर काढला.

"सगळं पेन्सिलीतलं खोडून टाकतो. पाच मिनिटांचं काम."

टोपण निघालं होतं. मी मास्तरांचं मनगट धरलं.

"वही सोडा."

"अहो काका, दुसरा अंक व्हायचाय! फालतू शेरे आहेत ते."

"नाटक तिचं नाय, कुणाचंही असेल. ते शेरे तिचे हायत. वही सोडा."

मी वही घेतली आणि शर्टाच्या आत घातली. अध्यक्ष म्हणाला, "मग पुढं सांगणार कोण?"

"मी."

एजंट हसला. "काका, तुम्हाला वाचता येतं?"

"तुला येतं ना? बघितलं गावाने."

तीस वर्षं समोरच्या विंगेतून ऐकलेलं नाटक, वाचायचं काय त्यात? दोरी मास्तरांच्या हातात दिली आणि मी एजंटाची खुर्ची बाजूला सारून खाली बसलो. माझा आवाज तिच्यासारखा नाही, पहिल्या पाच रांगांना ऐकू जात असणार. जाऊ दे. वाक्यामागून वाक्य सांगत गेलो. शेवटच्या प्रवेशात मात्र मी अडकलो. आई मरते, मोठा भाऊ एक वाक्य बोलतो आणि पडदा. ते वाक्य आठवेना. अध्यक्ष डोळे फाडून माझ्याकडे पाहतोय. नाइलाजाने वही बाहेर काढली, शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून अक्षरं जोडायला लागलो. पण बोट आधी पेन्सिलीवरच पडलं.

"इथे मला दर वेळी रडू येतं. ह्यांना दिसू नये, वही तोंडासमोर धरावी."

शाईतलं वाक्य त्याच्याच खाली होतं. मला दिसत होतं. बोलता आलं नाही.

अध्यक्ष उभाच. पुढचं काही माहीत नाही, कानाला काही नाही, नटी पायाशी मेलेली. तोंड उघडं, हात लोंबकळते. बायका पदर शोधायला लागल्या. त्या माणसाने आयुष्यात एकदाच अभिनय केला, तो वाक्य न मिळाल्यामुळे. मास्तरांनी घाबरून पडदा पाडला आणि टाळ्या थांबेनात.

अध्यक्ष आत येऊन मलाच म्हणाला, "बघितलंत काका? शेवट कसा काढला मी!"

मास्तरांना तेवढ्यात वहीचं मोल कळलं. म्हणाले, "हा ठेवा आहे काका. माझ्याकडे राहू द्या, नाहीतर झेरॉक्स तरी काढू." मध्यंतरात हेच फालतू होतं. मी म्हटलं, झेरॉक्स नाही, फोटो नाही. ज्याला नाटक हवं त्याने कोरी वही घेऊन पेणला यावं, माझ्या ओटीवर बसावं आणि हाताने उतरवून घ्यावं. फक्त शाईतलं. चहा मी देईन.

अजून कोणी आलेलं नाही. लिहायचं म्हटलं की यांचे हात दुखतात. रोज सकाळी मी वही घेऊन बसतो. नाटक सोडून देतो, पेन्सिलीतलं तेवढं वाचतो, बोट ठेवून. एका पानाला तास लागतो. काल अकराव्या पानावर होतो. तिथे एका नटाबद्दल तिने असं काही लिहिलंय की ते मी इथे उतरवू शकत नाही.