अक्काचे जीव

अक्काला मी शेवटचं भेटलो ते धुळ्याच्या दवाखान्यात. नाकात नळी, हाताला सलाईन, पण जीभ जागेवर होती. नर्सनं विचारलं, "आजी, हे कोण आलेत?" अक्कानं माझ्याकडे बोट केलं आणि शेजारच्या कॉटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हाऊ मन्हा लहाना भाऊ. मन्हा बठ्ठा जीव यानीच लिधात." बहिणीचे सगळे जीव यानंच घेतले, हे ऐकून नर्सनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आणलेली मोसंबी पिशवीतच ठेवली. शेजारच्या बाईंनी आपली पर्स उशाखाली सरकवली. अक्का नळीसकट हसत होती. चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला... आणि दहाव्याला एका लांबच्या आत्यानं माझा हात धरून सांगितलं, "झायं ते झायं भाऊ. आते देवले हात जोड." म्हणजे ते वाक्य माझ्या आधी सगळीकडे पोचलं होतं. आता दीड महिना झाला. खुलासा करायचा म्हणून लिहायला बसलोय खरा, पण अडचण अशी की अक्का खोटं बोलली नव्हती.

आठवीत मी नरडाण्याजवळच्या आमच्या गावाहून शिकायला धुळ्याला, अक्काकडे आलो. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, नवीन लग्न झालेली. मला करमत नाही म्हणून भाऊजींनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. त्याआधी घरात हातात मावणारा, वरून विटा पडायचा खेळ होता, आणि त्याच्यापायी अक्काची रोज एक तरी कळण्याची भाकरी करपायची. नव्या गेमच्या कॅसेटवर नऊशे नव्याण्णव खेळ असं छापलेलं होतं. खरे अकरा, बाकी तेच, नावं बदलून. कॅसेट चालेनाशी झाली की अक्का ती काढून चुलीत फुंकावं तशी तिच्यात फुंकर मारायची, आणि ती निमूट चालायची. आमचा आवडता खेळ दोन शिपायांचा. एक लाल, एक निळा, जंगलातून गढीपर्यंत जायचं. प्रत्येकाला तीन जीव. आपले संपले की बटण दाबून जोडीदाराचा जीव घेता यायचा. विचारायची गरज नाही, बटण दाबलं की झालं. हे बटण मला पहिल्याच दिवशी सापडलं.

मी मारुतीसारखा उड्या मारत पुढं जायचो आणि मरायचो. अक्का जंगलातून भाजीबाजारातून चालावं तशी चालायची. "थांब ना रे! त्या गोया सरू दे पहिले." गोळ्या सरेपर्यंत तिचा लाल शिपाई आडवा पडून राहायचा. माझे जीव संपले की मी नुसतं म्हणायचो, "अक्का, घेतो." ती म्हणायची, "लई ले. माले काय करनं शे?" पण तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची आणि ती रिमोट ठेवून उठायची. त्या खेळात एक शिपाई मागं उभा राहिला की स्क्रीन पुढं सरकत नाही. मी ओरडायचो, "अक्का, स्क्रीन अडली ना!" आतून उत्तर यायचं, "दायले फोडणी दीसन येस." एवढं सगळं करून आम्ही गढीच्या दाराशी पोचायचो, आणि तिथं नेमके तिचे जीव संपलेले असायचे, कारण ते मी खाल्लेले असायचे. ती कधी रागावली नाही. फक्त म्हणायची, "शेवटले काय व्हस, ते एकदाव तरी देखू दे रे."

पुढं गेम बदलत गेले. सीडीवाला आला, त्यात शिपायाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसायचा. खेळ जिथं सोडला तिथून पुन्हा सुरू करता येतो हे भाच्यानं सांगितलं तेव्हा अक्का नाराज झाली. "म्हंजे मरनंच नही का? मंग खेयाले काय मजा?" नुसते हात हलवून खेळायचा गेम आला, त्यात तिनं पदर खोचून असा चेंडू टाकला की भाऊजींचा चहा कपासकट शोकेसवर गेला. मग इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळायचं आलं. एक पोरगा कानात हिंदीतून शिव्या देत होता. अक्कानं शांतपणे विचारलं, "बेटा, खाना खाया क्या?" पोरगा गडबडला आणि हरला. असं सगळं खेळून झालं, पण मन तिचं त्या दोन शिपायांतच अडकलेलं. शेवटी भाच्यानं जुने खेळ भरलेली डबी आणली. तिच्यात न संपणारे जीव घ्यायची सोय होती. अक्कानं ती बंद करायला लावली.

आई-वडील गेल्यावर जळगावचं माझं घर हेच तिचं माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती यायची ती एका हातात सांजोऱ्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात ती डबी असलेली पिशवी घेऊन. मागच्या आखाजीला आम्ही गढीत शिरलो. ती साठीच्या आसपास, मी पन्नाशीच्या, दोघांनाही चष्मा. शेवटचा राक्षस अर्धा मेला होता. माझे जीव संपले, तिचा एक उरला होता. आणि माझ्या अंगठ्यानं... मी खरंच ठरवलं नव्हतं हो, सवयीनं बटण दाबलं. तिचा शिपाई गायब झाला, माझा उभा राहिला, आणि दुसऱ्या सेकंदाला मेला. अक्कानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "लई लिधा ना!" म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुढच्या आखाजीला बघू, असं ठरलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. मोसंबी नेली होती ती हेच सांगायला, पण नर्ससमोर तोंड उघडलं नाही.

दहाव्याला भाच्यानं ती पिशवी माझ्या हातात दिली. घरी येऊन मी गेम लावला आणि सवयीनं दोन खेळाडू निवडले. माझा निळा शिपाई ठरल्याप्रमाणे लवकर मेला. लाल शिपाई डावीकडे उभा, तीन जीव शाबूत. अंगठा बटणावर गेला होता, तो उचलला. मग तिचा रिमोट घेतला आणि तिच्यासारखा चालत निघालो. गोळ्या आल्या की आडवं पडायचं, त्या सरू द्यायच्या. तीन रविवार गेले. परवा राक्षस मेला. शेवटी काय होतं? चुकीच्या इंग्रजीत अभिनंदनाच्या दोन ओळी येतात, आणि खेळ पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरू होतो. बस, एवढंच. लाल शिपाई, निळा शिपाई, तीन-तीन जीव.

मी माझा, निळ्या शिपायाचा रिमोट हातात घेतला आणि पुढं निघालो. चार पावलांवर अडलो. आत बायकोच्या कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "अक्का, स्क्रीन अडली ना!"