भुरीकाकांची आठ दिवसांची रजा

आमच्या संशोधन केंद्रात माणसाला तो सांभाळतो त्या रोगाचं नाव पडतं. म्हणून ते भुरीकाका. भुरी म्हणजे पानांवर पांढऱ्या भुकटीसारखी पसरणारी बुरशी; ती घालवायला लोक जिवाचं रान करतात. काका एकोणीस वर्षं ती जगवत होते. रोगाला दाद न देणारी काकडी शोधायची, तर आधी रोग हाताशी हवा. आणि भुरी मोठी नखरेल! बशीत, बाटलीत वाढत नाही, जिवंत पानच लागतं. पान वाळलं की तीही गेली. म्हणून दर दहा दिवसांनी जुन्या पानावरची भुकटी मऊ कुंचल्याने नव्या रोपावर लावायची. त्यापायी काका सख्ख्या भाचीच्या लग्नातही अर्धाच दिवस थांबले. मला हा वेडेपणा वाटे आणि मी तसं तोंडावर म्हणतही असे.

मग काकांच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. काकांनी आठ दिवसांची रजा घेतली आणि काचघराची किल्ली तांबेराबाईंना दिली. त्या शेजारी गव्हावरचा तांबेरा सांभाळतात, कामाला चोख.

"पाणी तेवढं बघा," एवढंच काका बोलले.

तांबेऱ्याला ओलं पान लागतं. बाईंनी रोज संध्याकाळी काकडीच्या पानांवर मायेने पाणी फवारलं. भुरीला नेमकं तेच सोसत नाही, हे वेगळं सांगायला हवं असं काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका परतले तेव्हा पानं हिरवीगार, तजेलदार; भुकटीचा मागमूस नाही. त्यांनी एक पान उलटून पाहिलं, मग दुसरं, मग तिसरं.

"पाणी कमी पडलं का हो?" बाईंनी विचारलं.

"जास्त झालं."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी मारली?"

"बघू."

भुरीची ही जात दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. दोन दिवस काका भिंग घेऊन एकेक पान उलटत होते. डबा तसाच घरी जायचा. मला माझ्या जुन्या थट्टेची लाज वाटली.

तिसऱ्या दुपारी, अगदी खालच्या पानाच्या पाठीवर, शिरेच्या आडोशाला तिळाएवढा पांढरा ठिपका सापडला. काकांनी नवं रोप पुढे ओढलं आणि कुंचला बाईंच्या हातात दिला.

"नको हो काका. एवढीच उरलीय. तुम्हीच लावा."

"मी लावली तर मी इथे आहे तोवरच जगेल. लावा. हलक्या हाताने, गुदगुल्या केल्यासारखं."

सहाव्या दिवशी ते रोप आजारी पडलं, आणि बाई काचघरातच आनंदाने रडल्या.