उत्तर नाही, तर ओढा!

विहिरीत पडलेले प्राणी काढणाऱ्या आमच्या टोळीत येऊन बसलात, तर चहा यायच्या आत दोन किस्से होतात. प्राणी सुटतो आणि निघून जातो. आमच्याकडे उरते ती भीती, आणि ती हसल्याशिवाय पचत नाही!

टोळी म्हणजे तिघंच. खिल्लारे गुरुजी, ताडकळसला शिक्षक, आमचे म्होरके. रंगनाथ, विहिरीतल्या मोटारी काढणारा, दोर त्याचाच. आणि मी भगवान, गुरुजींच्या शाळेतला क्लार्क. तिघांत हलका, म्हणून खाली मीच!

*

पहिला कॉल बोरीचा. कोल्हा पडला होता. कमरेला दोर बांधून मी निम्म्यात पोचलो, तर वरून रंगनाथ ओरडला, "भगवानराव, दोर कशाला हलवायलाव?"

"मी न्हाई हलवायलो. पाय हलायलेत!"

*

चुडाव्याकडं गाव म्हणत होतं, बिबट्या पडलाय. गुरुजींनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "रानमांजर हाय, उतरा." गुरुजींना जाड भिंगाचा चष्मा आहे, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं.

मी मोबाईल रंगनाथच्या हातात दिला. "काही झालं तर बायकोला फोन कर."

तो म्हणाला, "मग आधी लॉक सांगून जावा!"

*

घरी मी सांगायचो, मीटिंग आहे. एकदा कपडे ओले आणि केसांत शेवाळ घेऊन घरात शिरलो. बायकोनं टॉवेल पुढं केला.

"मीटिंग टाकीत व्हती का?"

*

लांडोर काढताना कपारीत, हाताच्या अंतरावर, नाग दिसला. मी ओरडलो, "नाग!" गुरुजी वरून म्हणाले, "घाबरू नका, तो तुमच्याहून जास्त घाबरलाय!"

"गुरुजी, खाली येऊन मोजा की जरा!"

*

जुन्या विहिरीत हवा खराब असते. खालचा माणूस ओरडतही नाही, गपकन जातो. म्हणून गुरुजींचा नियम होता: वरच्यानं पाढा विचारत राहायचं, खालच्यानं उत्तर द्यायचं. उत्तर नाही, तर विचार न करता ओढायचं.

त्या दुपारी माझा हात प्लास्टरमध्ये होता. ताडकळसच्याच विहिरीत हरणाचं पाडस गळ्यापर्यंत पाण्यात. गुरुजी म्हणाले, "मी जातो, तुमी विचारा." आयुष्यात पहिल्यांदा ते खाली आणि मी वर. अख्खं गाव काठावर.

"बारा पंचे?"

"साठ!"

"तेरा सक?"

"अठ्ठ्याहत्तर! पाडस घावलं!"

मला चेव आला. "एकोणतीस साते?"

उत्तर नाही.

"गुरुजी! एकोणतीस साते?"

काहीच नाही. निघताना त्यांच्या बायकोनं मला बजावलं होतं, "भाऊ, यांना नीट आणा." आता त्या बाईला काय तोंड दाखवू?

"ओढा!" मी किंचाळलो. रंगनाथसोबत दहाजण दोराला लागले. मीही एका हातानं ओढत होतो, आणि चक्क रडत होतो.

गुरुजी वर आले. पाडस छातीशी, डोळे टक्क उघडे, श्वास व्यवस्थित! मी मटकन खाली बसलो.

"गुरुजी, बोलला का न्हाईत?"

त्यांनी गर्दीवर नजर फिरवली, खाली वाकले आणि माझ्या कानाशी लागले.

"भगवानराव, काठावर समदे माझेच विद्यार्थी हायेत. वीसच्या आतलं विचारत जावा की!"