धनसिंगच्या चालचलनाची चिठ्ठी

आसेगावात कोणाला कचेरीत अर्ज द्यायचा असो की लेकीच्या सासरी दोन ओळी धाडायच्या असोत, लोक जानराव पाटलांच्या ओट्यावर यायचे. जानरावांची शेती सालदार ठेवून करावी एवढी मोठी, आणि अक्षर असं देखणं की वाचणाऱ्यानं मजकूर खराच मानावा. त्याचा त्यांना थोडा तोराही होता. कागदावर खोटं लिहायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. तोंडानं बोललेल्याचं मात्र त्यांना तेवढं काही वाटत नसे.

१९२९ सालच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा सालदार धनसिंग ओट्याखाली येऊन उभा राहिला. गावाबाहेरच्या तांड्यावरचा हा बंजारी माणूस चौदा वर्षं त्यांच्याकडे राबला होता. घरची बैलजोडी त्याच्या हाकेशिवाय शेताच्या धुऱ्यावर वळत नसे.

“मालक, साल भरलं. आता नवं नाई धरत मी. कारंज्याले कापसाच्या जिनात चौकीदार म्हनून चाललो.”

जानराव ओट्याच्या काठाशी आले. “काहून? आमचं काही चुकलं का?”

“तसं नाई. मले तुमच्या हातची एक चिठ्ठी पाह्यजे. चालचलनाची.”

एवढंच ना, म्हणून जानरावांनी दौत-टाक मागवला आणि बैठक मारली. मेहनती, निर्व्यसनी, जनावराला जीव लावणारा. शब्द भराभर उतरत होते. पुढचा शब्द ‘प्रामाणिक’ होता आणि तिथं टाक थांबला.

प्लेगाच्या साली अर्धं गाव घरं सोडून वावरात झोपड्या घालून राहिलं होतं. परत आल्यावर जानरावांच्या बायकोचे, तुळसाबाईंचे, चांदीचे तोडे सापडेनात. मागं घराची राखण धनसिंगकडे होती. जानरावांनी त्याला चावडीवर सगळ्या गावासमोर उभं केलं आणि ‘तोडे तूच नेले’ म्हणाले. का, तर माणूस तांड्यावरचा. दुसरं कारण त्यांच्यापाशी नव्हतं. पुढच्या साली ज्वारीची कणगी तळापर्यंत रिकामी झाली, तेव्हा तळाशी तोडे निघाले. घर सोडायच्या गडबडीत तुळसाबाईंनीच ते खुपसले होते आणि नंतरच्या तापात साफ विसरल्या होत्या. जानरावांनी धनसिंगला एकट्याला आत बोलावून तोडे दाखवले, नवं पागोटं दिलं आणि म्हणाले, “झालं गेलं इसरून जाय.” चावडीकडे मात्र ते फिरकले नाहीत. चोर ठरवायला अख्खं गाव लागलं होतं आणि चूक कबूल करायला घरातला एक कोपरा पुरला. देखण्या अक्षराचा माणूस असाही असतो.

त्यांनी ‘प्रामाणिक’ लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी वाचून दाखवली. धनसिंगनं मान खाली घालून ऐकली.

“त्यात तोड्यांची गोष्ट नाई आली, मालक.”

“ते कायले लिवाची? जिनवाला शेठ वाचून उलटा शक घेईन.”

“शेठनं त मले परवाच ठेवून घेतलं. चिठ्ठी शेठसाठी नाई. माह्या मायसाठी पाह्यजे. थे अजून इचारते, ‘धनसिंग, खरं सांग, तू नेले का?’ मी नाई म्हनतो. चार दिसानं पुन्ना इचारते.”

“तोडे सापडले, हे तू सांगतलं नाई?”

“सांगतलं ना. तांड्यातले म्हने, मालक चावडीवर तसं बोलले का? मंग मी चूप.”

“अरे, मंग मले अदुगर काहून नाई म्हनलं?”

“तुमचं मीठ खाऊन राह्यलो होतो. आज साल भरलं.”

दारात तुळसाबाई उभ्या होत्या. “लिवा,” त्या म्हणाल्या. “माह्या नावासकट लिवा.”

जानरावांनी तो कागद फाडला आणि नवा घेतला. या वेळी शब्द भराभर आले नाहीत. ‘तोडे माझ्याच घरात, माझ्या बायकोनं ठेवलेल्या जागी सापडले. मी धनसिंगला चावडीवर चोर म्हटलं ते खोटं होतं. हे मला दहा वर्षांपासून ठाऊक आहे.’ त्यांनी घडी घालून चिठ्ठी पुढे केली. धनसिंगनं हात पुढे केला नाही.

“मी घेऊन काय करू, मालक? आमच्या तांड्यावर वाचता कोनाले येते?”

जानरावांनी चिठ्ठी बंडीच्या खिशात टाकली. मग पायात जोडा घातला.

भर दुपारी ते धनसिंगला घेऊन चावडीवरून गेले. सावलीत बसलेल्यांनी विचारलं, “पाटील, इकडं कुठी?” एरवी त्यांनी काहीतरी ठोकून दिलं असतं. आज म्हणाले, “धनसिंगच्या घरी. चोरी त्यानं केली नव्हती, थे सांगाले चाललो.”

तांड्याचा नायक लखीराम यानं घोंगडी अंथरली. माणसं जमली. धनसिंगची आई कमलीबाई काठी टेकत येऊन पुढ्यात बसली. जानरावांनी वाचलं. आयुष्यभर ज्या अक्षराचं कौतुक ऐकलं, ते इथं कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. लोक त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“पुन्ना वाचा,” कमलीबाई म्हणाली. त्यांनी पुन्हा वाचलं.

“दहा सालं तुमाले ठावं होतं?”

“हाव, माय.”

“याचा बाप जाऊन आठ सालं झाली. मरताना पोराच्या हातचं पानी नाई घेतलं त्यानं. चोराच्या हातचं नको म्हने.”

म्हातारा गेल्याचं जानरावांना ठाऊक होतं. पाण्याचं ठाऊक नव्हतं. धनसिंग तेव्हा चौथ्या दिवशी औतावर हजर झाला होता आणि एक शब्द बोलला नव्हता. त्यांनी मान वळवून पाहिलं. धनसिंग नुसता उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कमलीबाईनं काठी उचलून बाभळीखालची एक रिकामी जागा दाखवली. म्हातारा तिथं बसायचा.

“एकडाव त्याच्या नावानं वाचा.”

जानराव उठले. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी घोंगडीवर ठेवलं, त्या बाभळीकडे तोंड केलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.