पूजेतली रिंग

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि मधात कोणी बोलायचं नाही... नाही नाही, थांबा! बोला. खुशाल बोला. मधात बोलू दिलं नाही म्हणूनच तर माझी ही गत झाली!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी पांढुर्ण्याचा, पाण्याच्या पाइपलाइनवर सुपरवायझर. ठेकेदाराचं काम निघेल तिथे मी. आता माझं नशीब बघा, या वेळी काम कुठे निघावं? रामाकोन्याकडे, थेट माझ्या सासुरवाडीत! नदीकडून येणारी लाइन टेकडीवरच्या टाकीला न्यायची, आणि ती वळते नेमकी कुठे? तर माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर.

वळण आलं की कटकट आली. पाणी जोरात येतं आणि वळणावर पाइपाला बाहेर ढकलतं. जोड कोणी धरून ठेवला नाही, तर पाइप सुटलाच समजा. म्हणून तिथे काँक्रीटचा भलामोठा ठोकळा ओततात. नकाशात ठोकळा होता. आणि ठोकळ्याच्या जागी मामाजींची दोन झाडं होती.

साधी झाडं नव्हेत हो ती! बाग घ्यायला व्यापारी आला की मामाजी त्याची खाट याच दोन झाडांखाली टाकतात. डोक्यावर फळांनी वाकलेल्या फांद्या, हातात चहा. बाकीची बाग बघायच्या आधी सौदा ठरलेला! त्यात मृगाच्या बहाराची संत्री पिवळी होऊन राहिली होती आणि व्यापारी त्याच आठवड्यात येणार होता.

मामाजी मला एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. जावयाला म्हणायची त्यांच्या घरी पद्धतच नाही. नुसते झाडांकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा झाडांकडे. असं बघितल्यावर माणसाने करावं तरी काय?

मी छाती काढून म्हणालो, "मामाजी, ठोकळा कॅन्सल! आपण लॉकवाले जोड लावू. पाइप पाइपाला असा धरून ठेवतो की पाण्याचा बाप आला तरी सुटत नाही. तुमच्या झाडाचं पानही हलणार नाही."

"पाहा बा," मामाजी म्हणाले. "तुमाले समजते."

ठेकेदाराला फोनवर गळ घातली. तो म्हणाला, "लाव बाबा. पण परवा सकाळी टेस्टिंग आहे. जोड सुटला तर झाडं काढून ठोकळा ओतू. मग सासऱ्याला काय सांगायचं ते तूच सांग."

आता हा जोड कसा असतो, ते थोडक्यात ऐका, नाहीतर पुढे मजा येणार नाही. एका पाइपाचं तोंड रुंद असतं, दुसऱ्याचं टोक बारीक. रुंद तोंडात आधी रबराचं कडं बसवायचं, म्हणजे पाणी गळत नाही. बारीक टोकावर लोखंडाची जाडजूड रिंग सरकवून ठेवायची. मग चेनपुलीने ओढून टोक तोंडात घालायचं, रिंग मागून पुढे ओढायची आणि बोल्टांनी आवळायची. झालं! पण रिंग आधी. बनियान आधी, शर्ट मग, तसं. शर्ट घातल्यावर बनियान आठवलं तर काय करता? शर्ट काढावाच लागतो.

वळणापर्यंतचे सगळे जोड मी बिनचूक लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी राहिला वळणावरचा शेवटचा, झाडांपाशीचा. इथे माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, मधात आल्या.

"जवाईबापूच्या हातचं काम आपल्या वावरात होऊन राहिलं, अन् पूजा नाई?" झालं! पाट आला, तांदूळ आले, हळदीकुंकू आलं. पाटावर ठेवायचं काय? पाइप तर पाटावर मावत नाही. मामींनी ती रिंगच उचलायला लावली. पाटावर रिंग, रिंगेच्या मधात नारळ, वरून झेंडूची फुलं. मला टिळा लावला. धुऱ्यावर सगळा शेजार जमलेला. मला विचाराल तर पाहुण्याला एवढा मान देऊच नये. डोकं कामातून जातं.

टिळा लावून मी खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो आणि लागलो भाषण ठोकायला. पाण्याचा जोर म्हणजे काय, लॉक म्हणजे काय, सगळं. मग ओरडलो, "चला, ओढा चेनपुली!"

माझा साळा गजू चेन धरून उभा होता. चांगला दोन लेकरांचा बाप, ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, "भाऊजी, ते पाटावरचं..."

"गजू! जोडाचं काम चालू असताना मधात बोलायचं नाही. डोक्याचं काम असतं हे."

"पण भाऊजी, ते..."

"अरे, मधात बोलायचं नाही म्हटलं ना!"

मामाजी म्हणाले, "गजू, जवाई सांगून राहिले ना? चूप बस." मग ते स्वतःच खाकरले. एकदा, दोनदा. मी म्हणालो, "मामाजी, धूळ फार आहे, तुम्ही जरा दूर बसा." ते बिचारे दूर जाऊन बसले.

पाइप आत गेला. टाळ्या वाजल्या. चार बाया एकमेकींना म्हणाल्या, "सुनीताचा नवरा हुशार हाय हो!" हे कानावर पडल्यावर मागे वळून पाटाकडे कोण बघतो? मी तर नाही बघितलं. तेवढ्यात मामींचा निरोप आला, पोळ्या गार होऊन राहिल्या. मी निघालो.

जेवण विचारू नका! पुरणपोळी, वर तुपाची धार, कढी, वडे. मी नको म्हणायचो आणि ताटात पोळी पडायची. हात धुवायला अंगणात आलो तेव्हा चालवत नव्हतं. तांब्या कलंडवला, पहिली धार हातावर घेतली आणि सहज समोर तुळशीकडे बघितलं.

तुळशीच्या बुडाशी माझी रिंग!

हळदीकुंकवाने माखलेली. बोल्टाच्या एकेका भोकात एकेक फुलवात लावलेली. आणि शेजारची म्हातारी तिला हात जोडून उभी!

तांब्यातलं पाणी सगळं पायावर गेलं. रिंग इथे आहे तर पाइपावर काय आहे? काहीच नाही! उद्या पाणी सुटणार, पाइप सुटणार, झाडं जाणार. आणि माझी अब्रू त्यांच्याही आधी.

"मामी," मी आवाज शक्य तितका मऊ केला, "ती रिंग जरा द्या बरं. घासूनपुसून आणतो."

"आता? देवापाशी मांडली ना जवाईबापू! पुनवेपर्यंत हालवत नाई."

पुनवेला अजून बराच अवकाश होता. टेस्टिंगला नव्हता.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं की विसरलो म्हणून! अहो, सकाळी अख्ख्या धुऱ्यासमोर भाषण ठोकलेला माणूस दुपारी असं कसं सांगेल? मी वावराकडे पळालो. तिथे बघतो तर गजूने हौसेने ट्रॅक्टर लावून खड्डा बुजवून टाकलेला! वरून पाणी मारून माती सारखी केलेली. असा राग आला म्हणता! पण रागवायचं कोणावर?

"गजू, खड्डा उघड."

"काहून भाऊजी?"

"जोडाला... हवा द्यावी लागते."

"लोखंडाले हवा?"

"मधात बोलू नको!"

गजूने मुकाट्याने फावडं घेतलं. खड्डा उघडेपर्यंत मी सौसरच्या गोदामात फोन केला. दुसरी रिंग? नाही. बोरगावच्या साइटवर? तिथेही नाही. शेवटी पांढुर्ण्याला बायकोला फोन लावला. म्हटलं, तुझ्या आईला तूच समजाव, तुळशीपाशी काय काय मांडतात!

सुनीता आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "मला माहीत आहे. आईनं सकाळीच फोटो टाकला. अन् गजूचा लगेच फोन आला, भाऊजीनं ते लोखंडाचं कडं बाहेरच काहून ठेवलं म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सुपरवायझर आहेत, काही विचार करून ठेवलं असेल."

"आणि तुला खरं काय वाटलं?"

"मला वाटलं, विसरले."

बघा! पांढुर्ण्यात ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला कळलं, आणि खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या मला नाही. मी फोन ठेवला आणि मागे वळलो, तर मामाजी बांधावरून येत होते. खांद्यावर रिंग, धोतरावर कुंकू.

"घ्या," ते म्हणाले. "तुळशीची माफी मागून आणली."

"मामाजी... तुम्हाला कळलं होतं?"

"दिसून राहिलं होतं ना. पाटावर होतं ते तसंच राहिलं, अन् पाइप गेला आत."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगाले दोनदा खाकरलो. तुम्ही मले दूर बसाले लावलं."

धूळ फार आहे म्हणून मीच बसवलं होतं, नाही का? सांगा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाजी रागावले असते तर परवडलं असतं. पण त्यांनी फक्त एकदा झाडांकडे बघितलं आणि रिंग माझ्या पायाशी ठेवली. खरं सांगतो, त्या वेळी मला माझी अब्रू आठवलीच नाही, ती दोन झाडंच आठवली.

मग लागलो कामाला. उन्हं उतरायला आली होती. उलटी चेन लावून पाइप बाहेर ओढला. जोडातलं रबर चिखलाने बरबटलं होतं, ते काढून साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुतलं. तोंड पुसलं, टोक पुसलं. आणि मग सगळ्यात आधी, सगळ्यांना दाखवून, दोन्ही हातांनी उचलून, ती रिंग पाइपावर सरकवली. "बघा! रिंग! आधी रिंग!" मजूर हसले, मीही हसलो. जीव भांड्यात पडला.

"ओढ चेन!"

आणि काय सांगू, या वेळी पाइप असा गेला, असा गेला की जोर लावावाच लागला नाही! सकाळी किती कुरकुरत गेला होता. मी गजूला म्हणालो, "बघ, दुसऱ्यांदा हात बसला की काम कसं लोण्यासारखं होतं! याला अनुभव म्हणतात." रिंग पुढे ओढली. बोल्ट एकेक करून आवळले, पुन्हा फिरून आवळले. सब्बलने, म्हणजे पहारीने, ठोकून बघितलं. हलायचं नाव नाही! घाम पुसत मी वर बघितलं.

खड्ड्याच्या काठावर घरचे-शेजारचे जमले होते. गजू, मजूर, मामी, शेजारची ती म्हातारी, सगळे झाडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, बघतीलच. आज झाडं वाचली! मलाही भरून आलं. म्हणालो, "पाहा मामाजी, वाचली की नाही तुमची झाडं?"

मामाजी झाडापाशी गेले. एका वाकलेल्या फांदीवर संत्र्यांच्या मधात काहीतरी काळं लोंबत होतं. मीच मघाशी धुऊन वाळत घातलेलं.

रबर.

मामाजींनी ते अलगद उतरवलं, झटकलं, आणि हात जोडून मला विचारलं, "जवाईबापू, आता मधात बोललं त चालते काय?"