शेवटच्या मजल्यावरचं घर

पुणं सोडून नगरला यायचं की नाही, हे ठरवताना मी मोबाईलवर एक यादी केली होती. भाडं, दूध, भाजी, कामवाली, रिक्षा, झालंच तर सिनेमाचं तिकीट. एका बाजूला पुणं, दुसऱ्या बाजूला नगर. मी विमा कंपनीत आहे, आकड्यांशी खेळायची सवय अंगात मुरलेली. बदली रद्द करून घेता आली असती, वरच्या साहेबांनी तसं सुचवलंही होतं. पण यादीत नगर प्रत्येक ओळीत जिंकत होतं. हवेचीही एक ओळ होती. तिच्यात मी लिहिलं होतं, ‘उन्हाळा : कूलर.’ सगळा उन्हाळा मी एका शब्दात निकालात काढला होता आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

घरात आम्ही नवरा-बायको आणि माझे वडील. मी एकुलती एक. आई गेल्यावर देवळाली प्रवरेचं घर बंद करून, शेती वाट्यानं देऊन मी वडिलांना पुण्याला आणलं. मी त्यांना दादा म्हणते. दादा आले, पण लेकीच्या घरी राहणं त्यांच्या गळी कधी उतरलं नाही. सकाळची दुधाची पिशवी ते स्वतःच्या पैशानं आणायचे. गावाकडून शेंगांचं पोतं मागवायचे. आपल्या खोलीतला दिवा तर पार अंधारून आलं तरी लावायचे नाहीत. “दादा, तुमचा जावई काय मीटरसमोर खुर्ची टाकून बसलाय का?” मी चिडवायचे. ते हसायचे आणि तसेच अंधारात बसून राहायचे.

नगरला घर बघायला आम्ही डिसेंबरात गेलो, संध्याकाळी. अंगात स्वेटर होते. एकाच इमारतीत दोन फ्लॅट रिकामे होते. एक पहिल्या मजल्यावर, मागच्या खिडकीला कडुलिंबाचं मोठं झाड. दुसरा पाचव्यावर, अगदी वरचा, भाडं तीन हजारांनी कमी. वरच्या घरात वारा असा खेळत होता की मी तिथंच ठरवून टाकलं. दादा मधल्या खोलीत उभे राहून छताकडे बघत होते.

“बाई, ह्याच्या वर अजून एक मजला हाय का?”

“नाही दादा, वर गच्ची. मोकळी हवा.”

“खालचं बरं वाटतंय. लिंबाची सावली हाय.”

“सावलीचं महिन्याला तीन हजार भाडं?” मी म्हणाले. घरमालक हसला. मीही हसले. ज्या माणसानं सगळी हयात उन्हात काढली, त्याला ऊन कळतं आणि मला कळत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

नवऱ्याची नोकरी पुण्यातच राहिली. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. मी साडेनऊला घर सोडायचे ते सहा-साडेसहाला परत. ऑफिसात एसी इतका की मी खुर्चीच्या पाठीला शाल अडकवून ठेवली होती. म्हणजे दुपारी त्या घरात फक्त दादा असणार होते. माझ्या यादीत सगळं होतं, एवढंच नव्हतं.

मार्च लागला आणि स्लॅब तापायला लागला. दादांनी एक उपाय सुचवला. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं पोत्यानं आणायची, गच्चीवर पसरायची आणि पाणी मारायचं. “आपल्या गोठ्यावर न्हाई का आपन पाचट टाकायचो? लई फरक पडतो.”

“दादा, हा गोठा आहे का? सोसायटीतले लोक काय म्हणतील?”

मग कूलर आला. आला त्याच संध्याकाळी मी बाल्कनीत उभी राहून नवऱ्याशी फोनवर बोलत होते. दिवसभर कूलर चालला तर बिल चढणार, मग पुणं सोडून मिळवलं काय, असं काहीतरी म्हणाले. दार उघडं होतं. दादा आत पेपर वाचत बसले होते. मी हे मुद्दाम ऐकवलं नव्हतं. पण ऐकू जाईल याची काळजीही घेतली नव्हती, हे मी आता कबूल करते.

मी घरी यायचे तेव्हा कूलर चालू असायचा. खोली गार असायची. “दुपारी काय केलंत?” विचारलं की म्हणायचे, “काय न्हाई, पडलो जरा.” एप्रिलमध्ये बिल आलं, पुण्याच्या जवळपास निम्मं. मी ते ऑफिसात चार जणींना दाखवलं. नगर स्वस्त आहे आणि ऊनही लोक सांगतात तेवढं वाईट नाही, कोरडी हवा आहे, घाम येत नाही, असं शहाणपण पाजळत मी फिरत होते. कूलर दिवसभर चालला तर एवढं कमी बिल येईलच कसं, हा प्रश्न आकड्यांशी खेळणाऱ्या बाईला पडला नाही.

एप्रिलच्या शेवटाला एका दुपारी ऑफिसच्या कामानं मी आणि एक सहकारी बाई बँकेत गेलो. माझ्या घराजवळचीच शाखा. आत गारेगार. रांगेत माझा नंबर तिसरा होता. भिंतीकडेला चार-पाच प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि शेवटच्या खुर्चीत दादा. मांडीवर पासबुक उघडं, टोपी गुडघ्यावर काढून ठेवलेली. डोळे मिटलेले.

माझी सहकारी माझ्या कानाशी लागली. “बघ, फुकटची हवा खायला येतात. पासबुक आपलं दाखवायला.”

मी हसले. तिला दादा माझे कोण हे माहीत नव्हतं, तिचं काय चुकलं? मी मात्र हसले. तोंड उघडून, आवाज करून. हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

हसण्यानं दादा जागे झाले असावेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतल्या टेबलावरचे एक साहेब उठून आले. “आजोबा, रोज दुपारी येऊन बसता. ग्राहकांना जागा राहत नाही. घरी कोणी नाही का तुमच्या?”

दारातला गार्ड लगबगीनं दादांजवळ गेला आणि खाली वाकला. दोघांत काहीतरी बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. दादांनी त्याचा हात धरला, उठले, टोपी घातली. “न्हाई, कुनी न्हाई,” ते साहेबांना म्हणाले, आणि माझ्यापासून हातभर अंतरावरून, समोर बघत निघून गेले. बाहेर दोन वाजले होते. मी हातातल्या फॉर्मवर माझीच सही पुन्हा एकदा तपासली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा कूलर चालू होता. मी भिंतीला तळहात लावला. कूलर बराच वेळ चालला असता तर भिंत एवढी तापलेली नसती. माझ्या येण्याआधी अर्धा-पाऊण तास तो लागत होता, माझ्यासाठी.

“लई ऊन हुतं आज,” दादा म्हणाले.

“हो,” मी म्हणाले. बँकेचं नाव दोघांनीही काढलं नाही. मी म्हणू शकले असते. ताट वाढताना, नंतर भांडी घासताना, कितीतरी वेळा शब्द ओठांवर आले. पण माफी मागायची तर आधी आपण काय केलं ते मोठ्यानं सांगावं लागतं, आणि ते माझ्यानं होईना.

आठवड्यानं दादा म्हणाले, “उन्हाळा हाय तवर गावाला जाऊन ऱ्हातो. दारात झाड हाय.” मी एकदा ‘नको’ म्हणाले, दुसऱ्यांदा नाही. त्यांना गावाकडं जाणाऱ्या राहुरीच्या गाडीत बसवून दिलं आणि परत येताना मला हलकं वाटलं. तेही लिहून ठेवते.

जूनमध्ये खालचे भाडेकरू गेले आणि लिंबाजवळचं घर रिकामं झालं. मी घरमालकाकडे पळतच गेले, एका शब्दात हो म्हणाले, आणि दादांना फोन केला. “दादा, खालचं घर घेतलं. आता या.”

“बरं केलं,” ते म्हणाले. “बघू. मला हितं बरं वाटतंय. तू ये की सवडीनं.”

अनामत द्यायला पैसे काढायचे म्हणून मी बँकेत गेले, एकटीच. चूक सुधारल्याचं समाधान मनात होतं, खोटं कशाला बोलू. दारात तोच गार्ड होता.

“मॅडम, बाबा बरे हायेत ना?”

मी थबकले. “तुम्ही ओळखता मला?”

“त्यांच्या मोबाईलवर तुमचाच फोटो हाय ना. सगळ्यांना दावायचे, माझी लेक हापिसर हाय म्हनून. त्या दिवशी तुमी रांगेत उभ्या दिसल्या तवाच वळखलं मी. साहेबांना सांगनारच हुतो की लेक हितंच हाय म्हनून. पर बाबांनी हात दाबला माझा. म्हनले, ऱ्हाऊ दे, तिच्या हापिसातली मानसं असतील संगं.”

आज माझ्याबरोबर ऑफिसचं कोणीच नव्हतं. शेवटची खुर्ची रिकामी होती.

“माझे वडील आहेत ते,” मी म्हणाले.

“व्हय मॅडम, माहीत हाय,” तो म्हणाला, आणि माझ्या मागून येणाऱ्यासाठी त्यानं दार उघडून धरलं.